मोहाखालची आग

"काडेपेटी ठेव इथं," सासू म्हणाली.

मी कमरेला खोचलेली काडेपेटी काढून चुलीच्या ओट्यावर ठेवली. तिनं ती उचलली, कानाशी हलवून पाहिली आणि आपल्या ओटीत टाकली. मग कोपऱ्यातला खराटा माझ्या हातात दिला.

"तिन्ही झाडांखालचा पतेरा झाडून एका अंगाले करजो. आग लावाची नाई. ऐकलं का?"

"ऐकलं."

"दोन दिवसांपासून हवा सुटली हाय. म्हणून सांगून राहिली."

मी मान हलवली. पदराच्या टोकाला मी आधीच एक गाठ मारून ठेवली होती. त्या गाठीत चार काड्या आणि पेटीच्या बाजूचा फाडलेला तुकडा होता.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. माझं लग्न होऊन तेव्हा दुसरंच वर्ष होतं. नवरा, मुखरू, गावातल्या बाकी माणसांसारखा मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. घरात मी आणि सासू, पार्बता. आमचं गाव जंगलाच्या काठाला आहे. काठाला म्हणजे शेवटच्या घराच्या न्हाणीचं पाणी जंगलात जातं, इतकं. धान एक पीक. ते माघापर्यंत पुरायचं. पुढं चैत्रात मोह पडायचा आणि त्यावर घर चालायचं. मोहफुलं वेचून अंगणात वाळवायची. थोडी बाजारात द्यायची, त्यात मीठमिरची, तेल, कपडे. बाकीची घरात. कुटून भाकरीच्या पिठात घालायची, जवसासंगं लाडू करायचे, उकडून बैलांना द्यायची. जेठात फळं पिकली की त्यांच्या बियांचं तेल निघायचं. जंगलात कोणतं झाड कुणाच्या घरचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. नाल्याच्या वरची तीन झाडं आमची. त्यांच्या शेजारची दोन अनुसयामावशीची.

मोह अस्वलालाही आवडतो. सासूचा चेहरा त्यानंच नेला होता. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती वाकून फुलं वेचत असताना मागून अस्वलीण आली. डावा डोळा, गाल, अर्धा ओठ. अनुसयामावशीनं बाजूच्या झाडाखालून धावत येऊन टोपली अस्वलाच्या अंगावर मारली, बोंबलली, हातात आलेलं लाकूड घेऊन भिडली. अस्वल गेलं तेव्हा तिनं स्वतःचं लुगडं फाडून सासूचं तोंड बांधलं आणि आपल्या पोराला हाक मारली. मायलेकांनी खाटेवर घालून तिला रस्त्यापर्यंत आणलं. सासू जगली ती त्या दोघांमुळं. त्यानंतर ती जंगलात गेली नाही. उजव्या बाजूनं माणसांशी बोलायची आणि डाव्या बाजूला पदर ठेवायची. मला वेचायला पाठवायची तेव्हा परत येईपर्यंत दारातून हलायची नाही.

त्या दुपारी वाटेवर केवळराम भेटला. अनुसयामावशीचा हा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. मुखरूचा जोडीदार. उन्हाळ्याचे चार महिने जंगलखात्यात रोजीवर आगवाल्याचं काम करायचा. खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला पाण्याची बाटली. मोह आटोपला की त्याचं लग्न होणार होतं.

"वहिनी, एकटीच?"

"पतेरा झाडायले जाऊन राहिली."

तो थांबला. "नाल्याकडे अस्वल हाय. काल मी पाह्यलं. पाठीवर दोन पिल्लं घेऊन फिरते. वाकून जास्त वेळ राहू नका. मधात मधात उभं राहून खाकरत जा."

"तुमी कुठं चालले?"

"वर पहाडीवर. आवाज द्या काही वाटलं तर." मग हसून म्हणाला, "आगबिग नका लावू बरं, मलेच विझवा लागते."

मी पण हसले.

तीन मोठ्या मोहांखालचा पतेरा झाडणं काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. घोट्याच्या वर पानं साचलेली असतात. ती काढली नाहीत तर फूल पानांत हरवतं, दिवसभर वेचून टोपलीचा तळ झाकत नाही. झाडायचं तर कमरेतून वाकून दोन-तीन तास. म्हणून सगळे गुपचूप आग लावतात. पानं जळतात, जमीन साफ होते, सकाळी पडलेलं फूल लांबून दिसतं. तेव्हाही लावायचे, आताही लावतात. आमच्याच घरात ते बंद होतं, कारण केवळराम आगवाला झाल्यापासून सासूनं ठरवलं होतं की आपल्या झाडांमुळं त्याला पळावं लागू नये.

पहिल्या झाडाखाली मी झाडायला लागले. खराट्याचा आवाज एवढा मोठा वाटत होता की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दर थोड्या वेळानं मी उभी राहायची, खाकरायची, मागं बघायची. पहिलं झाड झालं. दुसऱ्या झाडाकडे वळले तर पानांवर अस्वलाची विष्ठा पडलेली. ओली. त्यात अर्धवट पचलेली मोहफुलं स्पष्ट दिसत होती. नाल्याच्या बाजूला झुडपात काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. वानर असेल, रानडुक्कर असेल. माझ्या डोळ्यांसमोर सासूची डावी बाजू आली.

मी पदराची गाठ सोडली.

पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरीनं पेटलं. पानं एकदम नाही पेटली, आधी कुरकुरली, मग सुरू झाली. मी एक हिरवी फांदी मोडली आणि कडेनं आग दाबत फिरले, ती बाहेर जाऊ नये म्हणून. धूर असला की अस्वल येत नाही, हे मी मनाशी म्हणत होते. अर्ध्या तासात उरलेल्या दोन्ही झाडांखालची जमीन काळी झाली. मी कडा फांदीनं झोडपल्या, पायानं माती लोटली. तिसऱ्या झाडाच्या वरच्या अंगाला एक कुजलेला ओंडका आडवा पडला होता. तो आतून धुमसत होता. बाहेर ज्वाळ नव्हती, एका भोकातून नुसती धुराची दोरी निघत होती. त्यावर माती टाकायची तर झुडपाच्या बाजूला जावं लागत होतं, जिथून आवाज आला होता.

मी गेले नाही. टोपली, खराटा उचलला आणि निघाले.

दारात सासू उभी होती. ती जवळ आली, माझ्या पदराचा वास घेतला. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली.

"लावली?"

"आत्या, तिथं अस्वल होतं. घाण पडली होती, ओली."

"विझवून आली का?"

"हो."

"पुरती?"

"पुरती," मी म्हणाले.

 आत जाऊन तिनं माझ्यापुढं पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू असताना मी आणखी दोन बायांसोबत गेले. त्या आपापल्या झाडांकडे वळल्या. आमच्या झाडांखाली येऊन मी उभीच राहिले. काळ्याभोर जमिनीवर पिवळट पांढरी फुलं अशी पडली होती की पाय कुठं ठेवावा कळेना. हातानं नुसती गोळा करावीत. तासाभरात टोपली भरली. मी लुगड्याचा ओचा केला, तोही भरला. दोन वर्षांत एवढी फुलं मी एका सकाळी घरी नेली नव्हती. खरं सांगते, मला आनंद झाला होता. ओंडक्याची मला आठवणही नव्हती.

उठून कंबर ताठ केली तेव्हा दिसलं. ओंडका होता तिथं राखेचा पट्टा होता. तिथून वर, पहाडीकडे, गवत काळं झालेलं. आणि पहाडीच्या मागून धूर येत होता. सकाळच्या धुक्यासारखा नाही. गडद, गोळा होऊन.

मी टोपली डोक्यावर घेतली आणि घरी आले. फुलं अंगणात पसरली. सासूला सांगितलं नाही. ती फुलांकडे पाहून म्हणाली, "बाप्पा, एवढी!"

दहाच्या सुमाराला ओरडा झाला. पहाडीच्या पलीकडे बांबूची घळ आहे. आगवाले चौघं होते. वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि आग बांबूत शिरली. तिघं मागं सरले. केवळराम सर्वांत पुढं होता, खाली; तो आगीत सापडला. सासूला नेलं होतं त्याच खाटेवर त्याला आणलं असेल की दुसऱ्या, मला माहीत नाही. मी बाहेर गेले नाही. कुडाच्या फटीतून अनुसयामावशीला खाटेच्या मागं पळताना पाहिलं. तिच्या पायात चप्पल नव्हती. जीप आली, त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, मावशी संगं गेली.

सासू अंगणात आली. माझ्यापुढं उकिडवी बसली.

"विझली होती म्हणाली तू."

मी रडायला लागले. सगळं सांगितलं. ओंडका, धूर, झुडूप. तिनं मला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. बसल्या जागी फुलं उलटीपालटी करत राहिली, जशी वाळवताना करतात तशी.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याचे दोन साहेब आले. गावच्या लोकांना समाजमंदिरासमोर बसवलं. जळालेल्या जागेवरून ते खाली चालत आले होते, सुरुवात कुठून झाली ते त्यांना दिसलं होतं.

"नाल्यावरचे तीन मोह कोणाचे?"

 सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.  मी उठायला हात जमिनीला टेकला. खरंच टेकला होता. तेवढ्यात सासू उभी राहिली.

"आमचे जी."

"पतेरा कोणी जाळला?"

"मी जाळला. परवा दुपारी."

साहेबानं तिच्याकडे पाहिलं. तिनं डाव्या बाजूचा पदर काढला. मुद्दाम काढला. साहेबानं नजर खाली केली आणि वहीत लिहायला लागला. मी जमिनीला टेकलेला हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर मी विचारलं, "आत्या, काहून?"

ती चुलीपुढं बसली होती. "तुझं अजून सगळं राह्यलं हाय," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे तसंबी कोण पाह्यते. आता बोलू नको याच्यावर. मुखरूलेबी नाई."

चौथ्या दिवशी केवळराम गेला. प्रेत आणलं त्या संध्याकाळी सासू अनुसयामावशीच्या दारात गेली. मी तिच्या मागं. मावशी भिंतीला टेकून बसली होती. चार दिवसांत तिचा आवाज पार गेला होता.

"अनुसया, मी लावली आग," सासू म्हणाली.

मावशीनं मान वर केली. सासूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल. ती परत सासूकडे वळली.

"माझ्या दारात पाय ठेवू नको, पार्बता."

बस, एवढंच. त्यानंतर अकरा वर्षं ती तिच्याशी बोलली नाही.

दोघींच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत होती. इकडं भाकरी थापली की तिकडं आवाज जायचा. पूर्वी दोघी त्या भिंतीतून गप्पा मारायच्या, इकडून मीठ तिकडे जायचं, तिकडून विस्तव यायचा. आता सासू त्या बाजूला बसायची बंद झाली. जंगलखात्यानं तिला चारपाच वेळा बोलावून घेतलं, मग ते प्रकरण तिच्या वयाकडं आणि चेहऱ्याकडं पाहून मिटलं. गावातलं मिटलं नाही. बाया विहिरीवर तिला पाहून बादली उचलून बाजूला व्हायच्या. लग्नाचं बोलावणं आलं तर माझ्या नावानं यायचं. मुखरू मिरचीहून परत आला तेव्हा आपल्या आईवर असा ओरडला की शेजारी बाहेर आले. "तो माझा भाऊ होता! तुले कोणी सांगतलं होतं वनात जायले? एक डोळा हाय तोबी दिसत नाई का?" ती शेंगा सोलत होती, सोलत राहिली. मी चुलीत लाकूड सारत राहिले. 

पुढच्या चैत्रात सासूनं खराटा माझ्या हातात दिला. मी म्हणाले, मी नाही जाणार त्या झाडांखाली. ती म्हणाली, "मंग खाशीन काय?" मी गेले. वाकून झाडलं, तीन तास. त्यानंतर दरवर्षी झाडलं. माझी दोन्ही पोरं त्याच झाडांच्या फुलांवर वाढली. अस्वल मला तीनदा दिसलं, एकदा हाकेच्या अंतरावर. आग मी लावली नाही. अनुसयामावशीच्या दोन झाडांखाली मात्र कोणी जाईना. ती स्वतः गेलीच नाही. तिथली फुलं अस्वलं आणि हरणं खायची.

सासू गेली ती पौषात, तापानं. शेवटच्या दोन दिवसांत तिनं दोनदा विचारलं, "अनुसया आली का?" मी दोन्ही वेळा म्हणाले, येते म्हणाली. मावशी आली नाही. मातीलाही नाही.

दहाव्या दिवसाच्या दुपारी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्याच्या बाहेरच बसले.

"मावशी, ती आग मी लावली होती."

तिचे हात थांबले नाहीत.

"आत्या जंगलात गेलीच नव्हती. तिनं माझी काडेपेटी काढून घेतली होती. मी काड्या लपवून नेल्या. एक ओंडका धुमसत होता, तो मी पाह्यला आणि तसाच टाकून आली."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"केवळनं सांगतलं. दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी घडीभर बरा बोलत होता. वरून धूर दिसला म्हणून तो खाली येऊन राहिला होता त्या दुपारी. तू फांदी घेऊन आग झोडपत होती. त्याले वाटलं, वहिनी विझवून राहिली. म्हणून परत फिरला. मले म्हणाला, माय, मी खाली जाऊन पाह्याले पाह्यजे होतं. अस्वलाचं मीच तिले सांगतलं, ती भेली असंन. तिचं नाव घेऊ नको, मुखरू तिले घराबाहेर काढंन."

सुपातले तांदूळ तिनं एका बाजूला केले.

"त्याचं शेवटचं बोलणं. म्हणून नाई घेतलं."

"मग आत्यावर काहून..." मी म्हणाले.

"मले कोणावर तरी राग काढायचा होता ना? तुझ्यावर काढता येत नव्हता. ती आपल्या पायानं आली, म्हणाली मी लावली. खोटं बोलली. माझ्या पोराचं प्रेत समोर असताना माझ्याशी खोटं बोलली. मी वाट पाह्यली, आज येईन, उद्या येईन, म्हणंन अनुसया, खरं असं असं हाय. अकरा वर्षं भिंतीच्या पलीकडं खोकायची, मले ऐकू यायचं."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"ती तुझ्यापायी गप्प राह्यली. मी केवळपायी. तू कोणापायी गप्प होती?"

 तिनं उठून सूप आत नेलं. परत बाहेर आली नाही.

तेरवीला पंगत बसली. फार माणसं नव्हती. तीसेक असतील, तीही मुखरूसाठी आलेली. वरण-भात वाढून झाला होता, मुखरू बादली घेऊन फिरत होता. अनुसयामावशी फाटकातून आत आली.  अकरा वर्षांत ती आमच्या अंगणात आली नव्हती. ती शेवटच्या पत्रावळीपाशी जाऊन बसली.

मी पंगतीच्या मध्ये उभी राहिले आणि सांगितलं. सरळ सांगितलं, जसं आता सांगते आहे तसं. काड्या, ओंडका, समाजमंदिरासमोर सासूनं काढलेला पदर. केवळरामनं मावशीला काय सांगितलं ते मात्र मी सांगितलं नाही. ते तिचं होतं. मी पुरं सांगितलं. कोणाचा हात पत्रावळीकडे गेला नाही. एक म्हातारा उठला आणि चप्पल घालून निघून गेला. मग आणखी दोघं. मुखरू बादली धरून उभा होता, त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"वाढ," अनुसयामावशी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिची पत्रावळ रिकामीच होती, तिला कोणी वाढलंच नव्हतं.

"तुझ्यासाठी नाई म्हणत. पार्बताच्या नावाचं वाढ."

मुखरूच्या हातून मी बादली घेतली. तिला भात वाढला, वरण वाढलं. थोडं वरण जमिनीवर सांडलं. ती खाली मान घालून जेवली. एकेक शीत वेचून जेवली. तिला जेवताना पाहून इतरांनीही हळूहळू घास उचलले. जेवण झाल्यावर तिनं पत्रावळीभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि गेली.

मुखरूनं मला घराबाहेर काढलं नाही. दोन वर्षं तो माझ्याशी कामापुरतं बोलला, मग हळूहळू बोलायला लागला. मावशी त्यानंतर सात वर्षं जगली. शेवटी तिला उठवत नव्हतं तेव्हा मी दोन वेळची भाकरी तिच्या उशाशी नेऊन ठेवायची. ती खायची. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.